भिन्न मत

आमच्या सोसायटीत कॉम्रेडना कांद्याचा भाव फक्त नवा भाडेकरू विचारतो. जुने सभासद मंडईत विचारतात. मंडईत भाव कळतो, कॉम्रेड कारण सांगतात. आणि ते कारण सुरू होतं जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या एका हॉटेलात, जिथे ४४ देशांच्या प्रतिनिधींनी बसून डॉलरला जगाच्या गल्ल्यावर बसवलं. तिथून निक्सन, निक्सनहून खनिज तेल, तेलाहून युरिया आणि युरियाहून अखेर लासलगाव. तोवर भाडेकरूची पिशवी या हातातून त्या हातात बऱ्याचदा गेलेली असते. पण लासलगावला पोचल्यावर कॉम्रेड बोलतात ते नेमकं असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी नको म्हणून ते नाशिकच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत आणलं.

"आता तुम्हीच सांगा," कॉम्रेड विचारतात, "हा भाव बाजारानं ठरवला की सत्तेनं?"

"पण सर, सध्या किलोला किती चाललाय?"

ते कॉम्रेडना ठाऊक नसतं. भाजी वहिनी आणतात.

कॉम्रेडची पंचाईत ही की ते बरोबर असतात. चुकीचं बोलणाऱ्याला चार माणसांत गप्प करता येतं, बरोबर बोलणाऱ्याला फक्त टाळता येतं. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही, एकच जिना आहे, त्यामुळे टाळण्याचीही सोय नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, जिलबीचा बॉक्स उघडला, की कॉम्रेड घसा साफ करतात. १९७१ साली याच तारखेला निक्सननं डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, हे आमच्या सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. स्वातंत्र्य कधी मिळालं हे विचारलं तर एखादं अडखळेल.

कॉम्रेड हे त्यांचं नाव नाही, आडनावही नाही. पण दूधवाल्याच्या वहीत 'कॉम्रेड, दीड लिटर' असं पान आहे आणि तो ते आडनावच समजतो. त्यांच्याकडे कोणी पाहुणे आले की "कॉम्रेडांच्यातले का?" असं विचारतो, कुठल्या गावचे हे कळावं म्हणून. हातमागाचा झब्बा, खांद्याला शबनम, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा. एका कॉलेजात त्यांनी सगळी नोकरी अर्थशास्त्र शिकवण्यात घालवली. निवृत्तीच्या निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले, "सरांनी संस्थेला घडवलं." कॉम्रेडनी उत्तराच्या भाषणात संस्थाचालकांच्या देणगीशुल्काचा हिशेब मांडला. शाल तेवढी घेऊन आले.

असा माणूस महाराष्ट्रातल्या प्रत्येक मध्यम आकाराच्या गावात एक तरी असतो. कोल्हापुरात तो वकील असतो, नाशकात विमा कर्मचाऱ्यांच्या युनियनचा जुना सरचिटणीस, परभणीत शाळामास्तर. पुण्यात तो प्राध्यापक असतो, कारण पुण्यात क्रांतीलाही आधी सेट-नेट पास व्हावं लागतं. त्याच्या घरी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे गठ्ठे असतात आणि मॉस्कोत छापलेली, कापडी बांधणीची, स्वस्तात घेतलेली पुस्तकं. आमच्या कॉम्रेडकडे मागे वाळवी लागली. तिनं 'कॅपिटल'चा पहिला खंड आरपार खाल्ला. दुसऱ्याला मात्र तोंड लावून सोडून दिलं. कॉम्रेड म्हणाले, "बहुतेकांचं असंच होतं."

सकाळी त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी एक फूटपट्टी असते. पेपर ते वाचत नाहीत, मोजतात. चॉम्स्की आणि हर्मन यांचं 'मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट' १९८८ साली आलं. वृत्तपत्र वाचकांना बातम्या विकत नाही, जाहिरातदारांना वाचक विकतं, हे त्यातलं म्हणणं कॉम्रेडना इतकं पटलं की तेव्हापासून ते आधी जाहिराती वाचतात. पहिलं पान जाहिरातीचं, दुसरं जाहिरातीचं, तिसऱ्या पानावर पुन्हा पहिलं पान. ज्या बिल्डरची जाहिरात आहे त्याच्या पडलेल्या भिंतीची बातमी कुठल्या पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे, हे त्यांना न उलगडता सांगता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला तेव्हा त्याला रोज किती सेंटिमीटर मिळतात याची त्यांनी वहीत नोंद ठेवली. पुढच्या जुलैत मुंबईत अंबानींच्या घरचं लग्न निघालं. ते मोजताना फूटपट्टी पुरेना. वहिनींनी शिवणाच्या डब्यातली टेप काढून दिली आणि दिल्यावर शेजारी बसून म्हणाल्या, "तो पाचूंचा हार त्या आधीच्या पानावर आहे, तो धरलात का?"

वहिनींबद्दल वेगळं लिहायला हवं. पण त्या तेवढा वेळ कधी मोकळ्या नसतात.

कॉम्रेडच्या आयुष्यातला सोन्याचा काळ कोणता विचाराल तर १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा आमचे कॉम्रेड नुकतेच नोकरीला लागले होते. दर शनिवारी दुपारच्या गाडीनं मुंबईला जायचं आणि लालबागच्या एका चाळीत अभ्यासवर्ग घ्यायचा. फळा उसना, खडू स्वतःचा. एकदा ते वरकड मूल्य समजावून सांगत होते. कामगार आपल्या पगारापुरतं मूल्य दिवसाच्या पहिल्या काही तासांतच निर्माण करतो, उरलेल्या तासांचं मालकाच्या खिशात जातं. मागून एक बदली कामगार उठला. "मास्तर, सध्या आमचे सगळेच तास वरकड आहेत. त्यांचं काय मूल्य येईल ते सांगा, वाण्याला दाखवतो."

हा किस्सा कॉम्रेड स्वतः सांगतात, आणि सांगताना प्रत्येक वेळी हसतात. मग थांबतात. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, असं म्हणतात. म्हणजे नियमानं पाहिलं तर तो अजून चालू आहे.

म्हणूनच पुण्याहून कोणी मुंबईला निघालं की ते बरोबर जातात आणि त्याला लोअर परळला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या फिनिक्स मॉलमध्ये नेतात. तिथे सरकत्या जिन्यावर उभं राहून, वर जाता जाता, ते विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सांगतात. १९९१ साली ठरलं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी फक्त ज्या जमिनीवर मुळातच बांधकाम नाही तेवढ्याच जागेची करायची. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते तरी किती? दोन-चार शब्द इकडचे तिकडे झाले आणि मुंबईच्या मधोमध शेकडो एकरांचा हिशेब बदलला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. "दरोडा घालायला पूर्वी घोडे लागत," कॉम्रेड म्हणतात, "आता स्वल्पविराम पुरतो." तेवढ्यात जिना संपतो, कॉम्रेड अडखळतात, आणि सिक्युरिटीचा पोरगा त्यांना दंडाला धरून सावरतो. कॉम्रेड त्याला विचारतात, "गाव कुठलं? बारा तास की आठ?" मॉलमध्ये ते काही विकत घेत नाहीत. स्वच्छतागृह वापरतात. ती जमीन मूळ कामगारांची आहे अशी त्यांची भूमिका आहे.

पक्षाचं काय, असं विचारू नये. कोणता पक्ष, असं ते विचारतील. भारतातला कम्युनिस्ट पक्ष १९२० साली ताश्कंदमध्ये जन्मला की १९२५ साली कानपुरात, यावर दोन मोठ्या पक्षांचं आजही एकमत नाही. मार्क्सवादी पहिली तारीख मानतात, भाकप दुसरी. कॉम्रेड दोन्ही शताब्दींना गेले आणि दोन्हीकडे त्यांनी उपसूचना मांडली. तरुणपणी ते भाकपमध्ये होते. डांग्यांना पक्षानं १९८१ साली काढलं तेव्हा त्यांनी डांग्यांच्या विरुद्ध लेख लिहिला. काही वर्षांनी डांग्यांच्या बाजूनं लिहिला. मग शरद पाटलांच्या मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवादानं झपाटले, जात न बघता वर्ग बघणं म्हणजे एका डोळ्यानं वाचणं, हे त्यांना पटलं. ते त्यांनी पहिल्यांदा सांगितलं त्या बैठकीला सगळे एकाच जातीचे होते, हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्यांनी तसं तिथे बोलून दाखवलं. पुढच्या बैठकीचं निमंत्रण आलं नाही.

सध्या त्यांचं स्वतःचं अभ्यासमंडळ आहे. दर रविवारी सकाळी जमतं. आधी एकच होतं. चीन हा अजून समाजवादी देश आहे काय, या प्रश्नावर त्याची दोन झाली. दोन्ही मंडळं त्याच सभागृहात, त्याच वेळी, पार्टिशनच्या अलीकडे-पलीकडे भरतात, कारण रविवारी सकाळचं भाडं अर्धं असतं. चहा एकाच अमृततुल्यमधून येतो. तिथला पोऱ्या ट्रे घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "चीनवाले कोण?"

१९९१ हे साल त्यांनी कसं काढलं हे वहिनींनाच ठाऊक. २४ जुलैला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला. कॉम्रेड दोन दिवस जेवले नाहीत. २५ डिसेंबरला क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. ते टीव्हीसमोर बसून राहिले, दाढी वाढली, कॉलेजला रजा टाकली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वहिनींना हळूच विचारलं, "जवळचं कोणी का? सुतक किती दिवसांचं?" वहिनी म्हणाल्या, "दूरचे होते. पण यांचा जीव होता." त्याचं उट्टं कॉम्रेडनी १५ सप्टेंबर २००८ ला काढलं. लेहमन ब्रदर्स बुडाल्याची बातमी आली आणि संध्याकाळी सोसायटीत घरोघर पेढे. लोकांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं.

मुलीचं लग्न ठरलेलं नव्हतं. ती तेव्हा एमबीए करत होती. आता ती एका सल्लागार कंपनीत आहे. कुठल्या कारखान्यात किती माणसं जास्त आहेत हे ती कंपनी कारखान्याला सांगते आणि त्याबद्दल एवढे पैसे घेते की ते वाचवायला कारखान्याला माणसं काढावीच लागतात. हे वर्णन मुलीचंच. बापाच्या हाताखाली वाढल्यानं तिला वाद घालता येतो, आणि बापाला जे कोणी शिकवलं नाही तेही येतं. ती आधी मान्य करते. चार कामगार संहितांनी २९ कायदे कसे गिळले, तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी आता सरकारची परवानगी लागत नाही, कंत्राटी कामगार हाच कायम झालाय, हे कॉम्रेड अर्धा तास सांगतात. ती जेवता जेवता ऐकते आणि म्हणते, "बाबा, शंभर टक्के बरोबर आहे. मग?"

या 'मग'ला उत्तर नाही असं नाही. पण ते तीन खंडांत आहे आणि तिला दहाला मीटिंग असते.

वहिनींचा स्वभाव वेगळा. त्यांनी बँकेत नोकरी केली, हिशेबाच्या पक्क्या. २०२२ च्या मे महिन्यात सरकारनं आयुर्विमा महामंडळाचे शेअर विकायला काढले. सार्वजनिक उद्योग म्हणजे जनतेनं पोटाला चिमटा घेऊन उभी केलेली मालमत्ता, तिची विक्री ही लूट आहे, असं पत्रक कॉम्रेडनी काढलं आणि आमच्या जिन्यात चिकटवलं. वहिनींनी पॉलिसीधारकाच्या सवलतीत अर्ज भरला. ९४९ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी पावणेनऊशेच्या आत उघडला. कॉम्रेडचा चेहरा उजळला.

"माझं नुकसान झालंय आणि तुम्ही हसताय?"

"नुकसान नाही गं. पुरावा आहे."

डाव्या माणसाच्या घरातल्या मोलकरणीवरून विनोद करायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. इथे तो जमत नाही. मावशींना कॉम्रेडच्या घरी आठवड्याची सुट्टी आहे, दिवाळीला महिन्याचा पगार आहे आणि आजारपणाची रजा भरपगारी आहे. अडचण वेगळीच आहे. पगारवाढ मागण्यापूर्वी मालकाची बाजू दुर्बळ कशी करायची हे कॉम्रेडनीच मावशींना शिकवलं. मावशींनी बाकी कुठे न वापरता ते कॉम्रेडवर वापरलं. महागाई निर्देशांक विचारला, उत्तर मिळताच म्हणाल्या, "मग तेवढे वाढवा." कॉम्रेडना स्वतःच्या विरोधात मुद्दा सापडेना. आता इमारतीतल्या बाकीच्या बायका कॉम्रेडवर खार खाऊन आहेत, कारण त्यांच्या दरानं सगळ्यांचा दर वाढतो. आमच्या माहितीत त्यांनी जिंकलेला हा एकमेव कामगार लढा, आणि तो ते मालकाच्या बाजूला उभे राहून जिंकले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना तारुण्य आलं. १५ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. कोणत्या कंपनीनं कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळू न देण्याची ती सोय होती, आणि ती सांगताना कॉम्रेडना कधी नव्हे ते ब्रेटन वुड्सची गरज पडली नाही. मार्चमध्ये निवडणूक आयोगानं याद्या टाकल्या. साडेसातशेच्या वर पानं. कॉम्रेडनी झेरॉक्सच्या दुकानातून सगळी छापून आणली. जेवणाच्या टेबलावर लाल आणि निळी पेन्सिल घेऊन बसले. इकडे देणाऱ्याचं नाव, तिकडे घेणाऱ्याचं, आणि मध्ये तारखा: छापा कधी पडला, रोखा कधी घेतला, कंत्राट कधी मिळालं. जेवण आम्हा शेजाऱ्यांच्या घरून गेलं, कारण टेबल अडलं होतं. मग रोखे विकणाऱ्या बँकेनं त्यांचे क्रमांक दिले आणि जोड्या जुळवायची सोय झाली. मुलीचा फोन आला. "बाबा, ते सगळं पत्रकारांनी कॉम्प्युटरवर काही तासांत लावलंय. लिंक पाठवते."

कॉम्रेड काही बोलले नाहीत. त्यांनी लिंक उघडली, आपल्या पानांशी ताडून पाहिली आणि रात्री आमच्याकडे आले ते खुशीतच. "माझं सगळं जुळलं!"

तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर साहेबांना राहवलं नाही. "पण काय हो, तुमच्या लोकांनी रोखे घेतले नाहीत, की त्यांना कोणी दिलेच नाहीत?"

माकपनं रोखे घ्यायला पहिल्यापासून नकार दिला होता, एवढंच नाही, खटल्यात तो पक्ष स्वतः याचिकाकर्ता होता. कॉम्रेडनी ते सांगितलं. मग क्षणभर विचार करून प्रामाणिकपणे म्हणाले, "अर्थात, दिलेही नसते." एवढ्या वर्षांत इंजिनिअर साहेबांनी त्यांना टाळी दिलेली मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरे सकाळचं फिरून परत येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी ते गेले. कॉम्रेडची आणि त्यांची ओळख होती. तेव्हापासून सकाळी फिरायला वहिनी बरोबर जातात. बरोबर कोणी असलं म्हणून गोळी थांबत नाही, पानसऱ्यांच्या पत्नीही त्यांच्याबरोबरच होत्या आणि जखमी झाल्या, हे वहिनींना माहीत आहे. तरी जातात. गुडघे दुखतात म्हणून कॉम्रेडना सावकाश चालावं लागतं, आणि त्यामुळे बोलायला वेळ मिळतो.

जुलै २०२५ मध्ये राज्यात जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. कडव्या डाव्या विचारांच्या संघटनांचा बंदोबस्त करण्यासाठी, असं सरकारनं सांगितलं. विधानसभेत त्याला ठाम विरोध केला तो डहाणूच्या माकप आमदारांनी, म्हणजे सभागृहातल्या एकुलत्या एका मार्क्सवाद्यानं. कॉम्रेडच्या मनात संताप होता. संतापाच्या मागे, अगदी मागे, एक बारीक समाधानही होतं. एवढी वर्षं आपलं कोणी ऐकत नाही म्हणावं, आणि सरकारनं आपल्यासाठी स्वतंत्र कायदा करावा! त्यांनी पिशवी भरली: रक्तदाबाच्या गोळ्या, टूथब्रश, ग्राम्शी. ग्राम्शीनं आपलं मुख्य लिखाण तुरुंगातच केलं, तेव्हा तिथे ते वाचून संपेल असा अंदाज. आठवडाभरानं खरोखरच बेल वाजली. दारात हवालदार. कॉम्रेडनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "चला. मी तयार आहे."

"कुठं?" हवालदार म्हणाला. "तळमजल्यावरच्या भाडेकरूचा फॉर्म द्यायचाय. त्यांची बेल वाजत नाही."

वहिनींनी त्याला चहा दिला. कॉम्रेडनी त्याला पोलिसांना संघटना करू न देण्यामागचं वर्गीय कारण सांगितलं. तो बराच वेळ बसला. ड्यूटीचे तास मोजून गेला.

आणि आता पुनर्विकास. आमची इमारत जुनी, पिलर फुगलेले, वरच्या मजल्यावर पावसाळ्यात टोप लावावे लागतात. बिल्डर नेमायच्या विशेष सभेला उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर असावा लागतो आणि सभेचं चित्रीकरण करावं लागतं, हा सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या निर्देशांचा नियम. तेव्हा एक पोरगा कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभा होता. बिल्डरतर्फे आला होता चाळिशीचा एक गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात टॅब. तो आला, सगळ्यांना नमस्कार करत करत कॉम्रेडपाशी पोचला आणि वाकून पायाच पडला.

"सर, ओळखलंत? टीवायला तुमच्या वर्गात होतो. रिकार्डोचा खंड सिद्धांत तुम्ही शिकवलात."

कॉम्रेड विरघळले. विद्यार्थी म्हटल्यावर कोणताही मास्तर विरघळतो.

"जमीन तीच राहते, भोवती मागणी वाढते आणि मालकाला न राबता उत्पन्न मिळतं. सर, ते वाक्य मी वहीत लाल शाईनं लिहिलं होतं. त्याच वर्षी वडिलांना सांगून पहिला प्लॉट घेतला."

सभेत खसखस पिकली. कॉम्रेडनी चष्मा काढून पुसला आणि उभे राहिले. कराराचा मसुदा आमच्यापैकी कोणी वाचला नव्हता. कार्पेट किती वाढणार, भाडं किती मिळणार आणि पार्किंग कोणाला, एवढी तीन पानं सोडून. कॉम्रेडनी सगळा वाचला होता, समासात टिपणं होती. पण त्यांनी सुरुवात केली एंगल्सपासून. १८७२ साली एंगल्सनं घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. भांडवलशाही घरांचा प्रश्न सोडवत नाही, फक्त जागा बदलते. अमुक वस्ती पाडली की तमुक ठिकाणी उभी राहते. तिथून पॅरिस, पॅरिसहून गिरणगाव, पुन्हा एकदा नियम ५८. उपनिबंधकांचा प्रतिनिधी पेंगू लागला. इंजिनिअर साहेब "मुद्द्यावर या, मुद्द्यावर या" म्हणत होते. मागच्या रांगा बटाटेवड्याच्या दिशेनं सरकल्या. मुद्दा आला तेव्हा समोर फार तर दहा माणसं होती. निर्देशांप्रमाणे बिल्डरनं प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी द्यायला हवी, आणि या मसुद्यात नुसतं 'योग्य ती हमी' एवढंच आहे. बिल्डर मध्येच पळाला तर आपण भाड्याच्या घरात आणि इमारत खड्ड्यात. हे त्यांनी इतक्या ओघात, हार्वीच्या एका पुस्तकाच्या आणि पुढच्या एका उपमुद्द्याच्या मध्ये सांगितलं की ते गेलंच होतं.

वहिनी उठल्या. "बँकेची २० टक्के हमी लिहून द्या. नाहीतर सह्या नाहीत."

वडे हातात असलेले सगळे वळले. विद्यार्थ्यानं टॅबवर काहीतरी पाहिलं, फोन लावायला बाहेर गेला, आत येऊन म्हणाला, देतो. टाळ्या पडल्या. कॉम्रेड टाळ्यांना मान लववून म्हणाले, "हेच मी म्हणत होतो."

मग त्यांनी दुसरा विषय काढला, जो अजेंड्यावर नव्हता. पंपाच्या खोलीत राहणारे आमचे वॉचमन मामा. बायको, नातू तिथेच. नव्या इमारतीत पंपाची खोली तळघरात जाणार. मामांना एक खोली द्यावी, सभासदांच्या वाढीव क्षेत्रातून प्रत्येकी थोडं थोडं काढून. कॉम्रेडनी ते चौरस फुटांत मांडलं होतं. एका फ्लॅटमागे एखादं कपाट राहील एवढं. कोणी काही बोलेना. हात वर करायला सांगितलं तेव्हा कॉम्रेडचा एक, वहिनींचा एक. माझा हात चहाच्या कपात अडकला होता असं म्हणायला हरकत नाही. एवढ्यात मामाच दारातून पुढे आले. "साहेब, माझं नाव नका घेऊ. यांची सिक्युरिटी एजन्सी येणार आहे, तीत घेतो म्हणालेत."

कॉम्रेडना त्यावरही पुष्कळ सांगता आलं असतं. त्यांनी फक्त मामांकडे पाहिलं, "बरं," म्हणाले, आणि सेक्रेटरीकडे वळून, "माझं भिन्न मत नोंदवा."

सेक्रेटरीनं इतिवृत्ताची वही उलटी केली. कॉम्रेडच्या भिन्न मतांसाठी मागची पानं राखून ठेवलेली आहेत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळं त्यात आहे. वर्गणी ते देतात, भिन्न मतासह देतात. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावरही त्यांनी सही केली आणि त्याला मतभेदाची टाचणी लावली. उपनिबंधकांच्या प्रतिनिधीनं टाचणी काढून कागद परत दिले. "यात फक्त होय किंवा नाही आहे, सर."

वडे संपत आले तेव्हा कॉम्रेड जिन्यात कॅमेरावाल्या पोराशेजारी बसलेले दिसले. आपलं भाषण पूर्ण चित्रित झालंय, प्रत मिळेल का, हे विचारायला ते गेले होते. पोरानं सांगितलं की एंगल्सच्या वेळी बॅटरी संपली होती. मग कॉम्रेडनी नेहमीप्रमाणे गाव विचारलं, तास विचारले, रोज किती मिळतो ते विचारलं. पोरगा म्हणाला, "ठरलेत, पण ठेकेदारानं दोन महिने दिले नाहीत. मागितले तर उद्यापासून येऊ नको म्हणतो."

कॉम्रेडनी झब्ब्याच्या खिशातून पेन काढलं. "सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करू. आत्ता करू. कागद आणा कोणीतरी. हे बघ, तुला आधी ठेकेदारी पद्धतीचा इतिहास थोडक्यात..."

वहिनींनी माझ्या हातातला फुलस्केप घेतला, मधोमध फाडला आणि त्यातला अर्धाच त्यांच्यापुढे ठेवला.